हंड्याजवळ रागावू नये

नाबुल, २५ मार्च

प्रिय वसीला,

सलाम आणि आशीर्वाद.

आधी तुम्हां सगळ्यांची खुशाली. माझ्या बहिणीचा, म्हणजे तुझ्या आईचा, गुडघा कसा आहे? केफची थंडी डोंगर उतरून थेट तिच्याच गुडघ्यात मुक्कामाला येते, असं ती म्हणते. तिला म्हणावं, समुद्राकाठी भावाकडे ये, इथल्या उन्हाला भाडं लागत नाही. जावईबापूंची पाठ? अजून वाकून बूट घालता येतात ना? तुझ्या लीनाचा तो पुढचा दात पडला, की अजून हलवत बसते? आणि तू? तुझा घसा बसलाय असं आईनं कळवलं. इतर मास्तरांचा घसा ओरडून बसतो, तुझा म्हणे पोरं बिथरू नयेत म्हणून हळू बोलून बोलून बसला. तुझी मामी मन्नूबिया मजेत आहे. मीही मजेत, कारण ती मजेत आहे.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या वर्गातली मोठमोठी पोरं, कुणाला अक्षरं जुळत नाहीत, कुणाच्या मनाला जरा धक्का लागला की दिवस फुकट जातो, आणि त्यांना पुस्तकातल्या बाणांवरून वाफ आणि पाणी शिकवायचं. बाई गं, मी शाळेचा उंबरा ओलांडला नाही. चटया विणता विणता वाचायला शिकलो, तेही मासळी गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवरून. म्हणून माझ्या ज्ञानाला थोडा वास आहे. पण कागदावरच्या बाणानं हात ओला होत नाही, एवढं मला कळतं. तेव्हा आपला जुना अर्काचा हंडा पाठवतोय, टोपी आणि नळीसकट. सोबत अंगणातल्या कडू नारिंगाची फुलं ओल्या कापडात बांधली आहेत. वडापवाला नूरी म्हणाला, फुलं पुढच्या सीटवर ठेवतो, माणूस मागे बसवतो.

करायचं असं. हंड्यात पाणी आणि फुलं. वर टोपी, सांध्याला कणकेचा लेप. आच मंद, म्हणजे म्हातारा पेंगतो तशी. टोपीवरच्या वाटग्यात गार पाणी, ते कोमट झालं की लगेच बदलायचं. नळीतून थेंब थेंब येईल ते फूलपाणी. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: हंड्याजवळ कुणी रागावू नये. रागावलेलं माणूस जवळ आलं की फुलं रुसतात आणि पाणी नासतं. आमच्या घरात तीन पिढ्या हा नियम आहे. मुलांना वाचून दाखव, त्यांना गंमत वाटेल.

तुझा मामा,
तिजानी

*

केफ, ३ एप्रिल

प्रिय मामा,

सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा तुमच्या पत्रानं दोन दिवस बरा होता. लीनाचा दात पडला, तो तिनं कौलांवर फेकला आणि आता कौलांकडे बघून रोज चौकशी करते.

हंडा वर्गात ठेवला तेव्हा माझी पोरं त्याच्याभोवती अशी उभी राहिली जशी नव्या बाळाभोवती बायका राहतात. विजेच्या शेगडीवर चढवला. पहिला थेंब नळीच्या टोकाला आला, लोंबला, आणि पडेना. कुणी श्वास घेईना. पडला तेव्हा बिलेल म्हणाला, "बाई, वाफ घाबरली की पाणी होते." मी म्हटलं, "घाबरली नाही रे, गार झाली." तो म्हणाला, "मीपण घाबरलो की गार होतो." आता या वर्गात हे वाक्य कुणी विसरणार नाही. पुस्तकातले बाण मी गेले दोन महिने दाखवत होते.

तुमच्या सूचना फिरासनं मोठ्या अक्षरांत उतरवून भिंतीवर लावल्या. फिरासला नियम फार आवडतात. नियम नसला की त्याला घाम फुटतो. आणि मराम. ती पंधरा वर्षांची आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज तिला सुरीसारखा लागतो. मग ती किंचाळते, बाक आपटते आणि मैदानात पळते. भाषेच्या तासाला टिकत नाही, गणिताच्या तर दारातूनच परत जाते. फक्त विज्ञानाला बसते. तिला मी टोपीवरचं पाणी बदलायचं काम दिलं. ती हात पाण्यात ठेवून डोळे मिटते आणि म्हणते, "कोमट झालं." थर्मामीटर पाण्यात बुडवून फिरास बघतो आणि म्हणतो, "झालं." तास संपल्याची घंटा झाली तरी ती उठली नाही, मामा. तिच्या बाबतीत हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या खेपेचं पाणी मात्र करपट निघालं. काही तरी चुकलं असेल. मराम त्यानंतर तासाला आलेली नाही. सर्दी झाली असावी, इकडे अजून गारठा आहे.

मामींना नमस्कार. पहिल्या पाण्याचे चार थेंब कॉफीत घालून हेडमास्तरांना दिले, तर ते म्हणाले, "हे अभ्यासक्रमात आहे का?" पण कप रिकामा करून म्हणाले.

तुमची,
वसीला

*

नाबुल, ८ एप्रिल

प्रिय वसीला,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग शेजारच्या सादोकला वाचून दाखवलं, मग तो नको म्हणाला तरी पुन्हा वाचलं. घाबरून गार होणारी वाफ मला पटली.

त्या मराम पोरीसाठी रानओवा आणि मध पाठवतोय. ओव्याचा काढा, वर मधाचं बोट, सर्दी दाराबाहेर. तिला सांग, पाण्यात हात घालून कोमट ओळखणारा माणूस हंड्याला हवाच असतो, लवकर बरी हो.

करपट पाण्याचं कारण मात्र मला इथे बसून कळलं. कुणीतरी रागात होतं. शोधलंस तर सापडेल. सापडलं की त्याला त्या दिवशी बाहेर बसवायचं, बस्स. त्यात अपमान कसला? गेल्या वर्षी मलाच काढलं होतं. हंडा चढलेला, आणि सादोक येऊन म्हणाला की माझी बोय मासळी खरेदी करण्याची पद्धत चुकीची आहे. मी म्हटलं, "तुला माशाचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे बायको सांगते." तो म्हणाला, "निदान माझी सांगते, तुझी तर विचारतही नाही." तेवढ्यात मन्नूबिया आली. "दोघे अंगणात जा," म्हणाली. "तिथे कोंबड्या आहेत, त्यांना तुमची सवय आहे." आम्ही गेलो. पाणी उत्तम उतरलं.

तर पोरांना हे स्पष्ट सांग. नियम पाळणाऱ्याला फळ मिळतं. तुझ्या फिरासला माझी शाबासकी, पोरगं माझ्यावर गेलंय.

तुझा मामा

*

केफ, १४ एप्रिल

प्रिय मामा,

ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं तुम्हीच मला लहानपणी सांगायचात. मी लपवलं. मरामला सर्दी नव्हती. मध आईनं खाल्ला.

दुसऱ्या खेपेला काय झालं ते लिहिते. मधेच बिलेलची खुर्ची सरकली. मराम किंचाळली, दोन्ही हातांनी बाक आपटला. मी तिच्याकडे धावले, बाकीचे कान झाकून भिंतीला लागले. ती शांत व्हायला वेळ लागला. मग पाणी पाहिलं तर करपट. फिरास उठला, भिंतीपाशी गेला आणि तुमच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं: "रागावलेलं माणूस जवळ आलं की पाणी नासतं." त्याच्या मनात दुष्टपणा नव्हता. तो फक्त नियम वाचत होता. मराम ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून ती वर्गाबाहेरच्या पायरीवर बसते. तास सुरू झाला की येते, भिंतीला पाठ लावते, आत येत नाही. मी बाजूला जाऊन बसले तर म्हणाली, "बाई, तुम्ही आत जा. मी आले की नासतं." मी विचारलं, "काय नासतं?" म्हणाली, "पाणी. आणि बाकीचं पण."

मामा, मेच्या पहिल्या आठवड्यात समिती येणार आहे. मराम एका तरी विषयाला वर्गात बसते का, हे ते बघतील. बसत नसेल तर पटावरून तिचं नाव कमी होईल, आणि तिला घेईल अशी दुसरी शाळा इथे नाही. तो एक विषय माझा होता.

मी तुमची सूचना भिंतीवरून काढली. फिरास म्हणाला, "कागद काढला म्हणून नियम जात नाही." मी म्हटलं, "फिरास, रागानं पाणी नासत नाही. मी आच मोठी ठेवून विसरले असेन." तो म्हणाला, "तपासलंत?" तेरा वर्षं विज्ञान शिकवतेय, मामा, आणि खरंच तपासलं नव्हतं.

म्हणून तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. एक, फुलं. हंगाम संपत आला असेल, पण असतील तेवढी. आणि दुसरी, परवानगी. घराण्याचा नियम आहे, तो मोडायचा तर घरातल्या मोठ्या माणसाला विचारून.

वसीला

*

नाबुल, १८ एप्रिल

प्रिय वसीला,

पत्र वाचलं आणि दिवसभर चटईचा एक पट्टा विणला नाही. दूरच्या गावात एक पोर माझ्या वाक्यापायी पायरीवर बसलंय. आणि मी वर तिला ओवा पाठवला, शहाणा.

खरं सांगतो, आधी राग आला. तुझ्यावर. तीन पिढ्या काय वेड्या होत्या? मन्नूबियासमोर तेच म्हणालो. ती पालक निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी दरवर्षी हंड्याजवळ तुमच्यावर चिडलेली असते."

मी म्हटलं, "काहीतरीच."

"फुलं आणता त्यात निम्मी पानं. ती निवडत मी बसते, आणि तुम्ही सादोकबरोबर कॉफी पिता. चिडू नको तर काय करू?"

"मग पाणी कधी नासलं का नाही?"

"ते फुलांना विचारा."

"पण तू कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर पानं निवडायला तुम्ही बसला असता का? मग कशाला तोंड शिणवू?"

वसीला, बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मला वाटत होतं आमच्या घरात हंड्याजवळ शांतता नांदते.

पण तुझा फिरास लगेच म्हणेल, हा गप्प राग झाला, ओरडण्याचा राग वेगळा. बरोबर म्हणेल. म्हणून परवानगी आहे. एकच भीती वाटते ती सांगतो. तुम्ही तपासलंत आणि पाणी खरंच नासलं, तर? आज ती पोर नुसत्या माझ्या शब्दावर बाहेर बसलीय. उद्या तिच्या डोळ्यांदेखत पुरावा मिळाला, तर तिला आत कोण आणणार? मी असतो तर तपासलं नसतं. तिला खोटंच सांगितलं असतं की मामा म्हणतात, नियम रद्द. मन्नूबिया म्हणते, खोटं तिला लगेच कळेल, अशा पोरांना तेवढंच आधी कळतं. तुमचं तुम्ही ठरवा.

फुलं झाडावरची शेवटची आहेत. एकाच झाडाची, एकाच सकाळी खुडलेली; तीन पुड्या सारख्या वजनाच्या केल्या, म्हणजे कुणी म्हणायला नको की या पुडीत फुलं बरी होती. आणि पानं मी निवडली आहेत. सगळी. पाठ अजून दुखते.

मामा

*

केफ, २४ एप्रिल

प्रिय मामा,

फुलं नूरीनं स्वतः शाळेच्या फाटकाशी आणून दिली. त्याला वाटलं लग्न आहे.

तुमची भीती मी मरामला जशीच्या तशी सांगितली. पायरीवर बसून सांगितली. म्हटलं, "कदाचित तुझंच खरं निघेल. तरी बघायचं का?" तिनं बराच वेळ बुटाचा बंद ओढला. मग म्हणाली, "बघा. मी इथूनच ऐकेन."

फिरासनं बेत आखला. पहिली पुडी: आच मंद, सगळे गप्प. दुसरी: आच तेवढीच मंद, पण ओरडायचं. तिसरी: सगळे गप्प, पण आच मोठी. शेगडीची खूण कुठे ठेवायची ते त्यानं खडूनं आखलं आणि शेजारी उभा राहिला, दुसऱ्या कुणाला हात लावू देईना.

पहिली खेप सुरळीत झाली. दुसऱ्या खेपेला ओरडणार कोण? बिलेलनं हात वर केला. तो ओरडला आणि स्वतःच हसला. मग सगळे ओरडले आणि सगळे हसले. शेजारच्या वर्गातून मास्तर डोकावले. फिरास वैतागला. "हा राग नाही, ही जत्रा आहे. हे लिहिता येणार नाही." मी रागावायचा प्रयत्न केला. मुलं म्हणाली, "बाई, तुमचा घसा बसलाय, राहू द्या."

मग फिरास दाराशी गेला. "मराम, खरा राग फक्त तुला येतो. आम्हांला तो हवाय."

ती म्हणाली, "मला ठरवून ओरडता येत नाही."

"मग कधी येईल?"

"मला काय माहीत?"

इकडे हंडा चढलेला, थेंब पडू लागलेले. टोपीवरचं पाणी तापलं, तर बिलेल ते बदलायला गेला. त्यानं वाटगं असं उपसलं की निम्मं पाणी टेबलावर, आणि नवं ओतलं ते गारसुद्धा नाही, उन्हात ठेवलेल्या बादलीतलं. दारातून हे मरामनं पाहिलं. "ए, असं नाही," ती म्हणाली. बिलेलनं पुन्हा ओतलं. "असं नाही म्हटलं ना." तो म्हणाला, "मग तू कर, बाहेर बसून शिकवतेस काय?"

मामा, ती आत आली आणि अशी ओरडली की खिडकीची काच वाजली. बाक आपटला. बादलीला लाथ मारली. "गार पाणी म्हणजे गार पाणी, हात घालून बघ ना, हात नाहीत का तुला?" मी पुढे निघाले, तर फिरासनं कानांवर तळवे दाबून, डोळे शेगडीच्या खडूच्या खुणेवर ठेवून मला थांबवलं. "बाई, थांबवू नका. हा खरा आहे." आणि मग तिच्याकडे वळून, अगदी आदरानं, "अजून थोडा आहे का?"

मराम थांबली. आपण हंड्याच्या अगदी पुढ्यात उभ्या आहोत हे तिला तेव्हा कळलं. तिनं नळीकडे पाहिलं. थेंब येत होता. तिनं नळाचं गार पाणी आणलं, वाटगं भरलं, हात त्यात ठेवला आणि डोळे मिटले. खेप संपेपर्यंत ती तिथेच होती, आणि तिसऱ्या खेपेलाही.

पाणी कसं निघालं ते मी लिहिणार नाही. लिहिण्याचा हक्क माझा नाही. तिला विचारलंय. ती म्हणाली, बघते. तेव्हा तुम्ही जरा धीर धरा, आणि तोवर सादोककाकांशी भांडू नका.

वसीला

*

केफ, ९ मे

बाईंच्या मामांना,

बाई म्हणाल्या आधी तब्येत विचारायची असते. तुमची तब्येत कशी आहे? मामींची? तुमच्या पाठीची? सादोक यांची? कोंबड्यांची?

मी मराम. मला लिहायला आवडत नाही. मी बोलतेय आणि काही शब्द फिरास लिहून देतोय, पण मी त्याचं ऐकतेच असं नाही.

निकाल. तीन बाटल्या होत्या. बाटल्यांवर नावं नव्हती, कुठली कुठली ते फक्त फिरासला माहीत होतं आणि तो सांगत नाही, तुम्ही त्याला मारलं तरी. वास घ्यायला स्वयंपाकघरातल्या मावशी, फाटकावरचे काका आणि हेडमास्तर होते. तिघांनी एक बाटली लगेच बाजूला काढली, करपट म्हणून. ती मोठ्या आचेची होती. तेव्हा सगळे गप्प होते. उरलेल्या दोनमध्ये मावशींना फरक कळला नाही. काकांना कळला नाही. हेडमास्तर म्हणाले मला कळतो, आणि एक बाटली दाखवून म्हणाले ही सर्वांत चांगली. ती माझी होती. ओरडलेली. मग त्यांना सांगितलं. मग ते परत वास घेऊन बघायला लागले.

म्हणजे आच मोठी झाली की नासतं. ओरडल्यानं नासत नाही. फिरास म्हणतो एकदा करून पुरत नाही, पुढच्या वर्षी परत करायचं. फुलं पाठवा.

समिती आली होती. एका बाईंनी विचारलं, तू विज्ञानाच्या तासाला बसतेस का? मी म्हटलं, नाही, मी उभी असते, पाणी बदलते. फिरास म्हणाला तो बसण्याचाच एक प्रकार आहे. बाईंनी ते लिहून घेतलं. माझं नाव पटावर आहे. आमच्या बाई रडल्या. मी नाही रडले.

मी अजून ओरडते. मंगळवारी ओरडले. बाहेर गेले आणि परत आत आले. पाण्याला काही झालं नाही.

तुमचा एक नियम चुकला म्हणून तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. बाकीचे बरोबर होते. आच मंद हा बरोबर होता. पण तुम्ही म्हातारे आहात तर तुमच्याकडे आणखी खूप नियम असतील. रात्री नखं कापू नये, दारात उभं राहू नये, असे. ते सगळे लिहून पाठवा. मामींचे वेगळे लिहा. आम्ही एक एक तपासणार आहोत. सुट्टी लागायच्या आत सुरू करायचं आहे, म्हणून उगीच विचार करत बसू नका, लवकर लिहा.

मराम